बाळंतिणीचा मृत्यू आणि मिटलेला कागद

बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या म्हणण्यात बाईच्या धैर्याचा गौरव आहे. तशीच त्यात एक मुकाट कबुलीही आहे. पुनर्जन्म म्हटला की मध्ये मरण आलेच, आणि त्या मरणाच्या उंबरठ्यावरून परत फिरणे हे जिच्या तिच्या नशिबी, असे आपण मानत आलो. सटवीने कपाळी लिहिलेला लेख कोणाला पुसता येत नाही, एवढे म्हटले की घरातली माणसे डोळे पुसून उठत आणि मागे राहिलेल्या तान्ह्याला कोण सांभाळणार या विवंचनेला लागत. बाळंतपणे घरातल्या अंधाऱ्या खोलीत होत आणि जवळ सुईणीखेरीज कोणी नसे, त्या काळी दैवाला बोल लावण्यावाचून दुसरा मार्गही नव्हता. आज ती परिस्थिती राहिलेली नाही. आज बाळंतीण रुग्णालयाच्या खाटेवर असते. तिची नाडी, ताप, रक्तदाब, तिला दिलेले प्रत्येक औषध कागदावर उतरत असते, निदान उतरले पाहिजे असा नियम असतो. अशा ठिकाणी ती दगावली, तर कशाने दगावली याचा शोध घेता येतो. तो शोध घेतला जातो काय, आणि घेतला तर त्यातून निघालेले लोकांपुढे ठेवले जाते काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रथम, जे पदरात पडले आहे ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. गेल्या वीस वर्षांत सरकारने खेड्यापाड्यांतल्या बायांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात या. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य केले. आशा कार्यकर्त्या उंबरे झिजवीत घरोघर फिरल्या, आणि बायांनी त्यांचे ऐकले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील शंभर प्रसूतींपैकी जेमतेम ३९ रुग्णालयात होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८९ वर गेला. एक लाख जिवंत जन्मांमागे माता दगावण्याचे प्रमाण २००४-०६ मध्ये २५४ होते. ते २०१८-२० मध्ये ९७ वर आणि २०२०-२२ मध्ये ८८ वर उतरले. हे यश लहान नव्हे. त्यामागे कितीतरी परिचारिकांची आणि डॉक्टरांची जागरणे आहेत.

परंतु या यशातूनच एक नवी जबाबदारी उभी राहते. माता दगावण्यास तीन प्रकारचे विलंब कारण होतात, असे या विषयाचे अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. पहिला विलंब घरात, दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवण्यात. दुसरा वाटेत, वाहन आणि रस्ता यांच्या पायी. तिसरा रुग्णालयात पोहोचल्यावर, योग्य उपचार हाती पडेपर्यंत. पहिले दोन विलंब बायांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपल्याकडून पुष्कळ कमी केले. उरला तो तिसरा. तो मात्र त्यांच्या हातात नाही. ज्या बाईने सरकारचे ऐकले, वेळेवर नाव नोंदवले, लोहाच्या गोळ्या घेतल्या, कळा सुरू होताच रुग्णालय गाठले, ती जर तेथे गेल्यावर दगावली, तर तिच्या अज्ञानाकडे किंवा घरच्यांच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय आता कोणाला राहिलेली नाही.

आणि दगावण्याची कारणे काही गूढ नाहीत. प्रसूतीनंतरचा अनावर रक्तस्राव, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब व त्यातून येणारे झटके, आणि जंतुसंसर्ग रक्तात भिनून होणारा सेप्सिस, ही जगभरची प्रमुख कारणे आहेत. तिन्हींवर उपाय आहेत आणि ते महागडेही नाहीत. गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट, वेळेवर दिलेली प्रतिजैविके आणि हाताशी असलेले रक्त, एवढ्यावर बहुतेक जीव वाचतात. तरीही राज्याराज्यांतले अंतर पाहावे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार केरळात लाखामागे १९ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३, तेलंगणात ४३, गुजरातेत ५७, कर्नाटकात ६९ आणि मध्य प्रदेशात १७३. औषधे तीच, पाठ्यपुस्तके तीच. पंडुरोग, दारिद्र्य, दवाखान्याचे अंतर ही कारणे आहेतच. पण रुग्णालयाच्या दारातून आत गेल्यावर फरक पडतो तो वेळेचा आणि लक्षाचा. कोणी पाहिले, केव्हा पाहिले, आणि पाहून काय केले, यावर आईचा जीव तरतो किंवा बुडतो.

या गोष्टीचा पुरावा एका मृत्यूने साऱ्या जगापुढे ठेवला, आणि तो मृत्यू आपल्या परिसराला परका नव्हता. बेळगावात शिकलेली, दंतवैद्य झालेली सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची तरुणी पतीसह आयर्लंडमधील गॉलवे येथे राहत होती. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, सतराव्या आठवड्यात, पाठदुखीची तक्रार घेऊन ती तेथील विद्यापीठ रुग्णालयात गेली. गर्भपात अटळ असल्याचे निदान झाले, आणि थोड्याच तासांत पाणमोट फुटली. मूल वाचणार नाही हे सर्वांना कळून चुकले होते. या यातनेतून मोकळे करा, असे तिने विनवले. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत आणि आईच्या जिवाला तूर्त धोका दिसत नाही, या कारणावरून त्या देशाच्या तेव्हाच्या कायद्याकडे बोट दाखवून तिची विनंती नाकारण्यात आली. दरम्यान जंतुसंसर्ग रक्तात पसरला. धोका दिसू लागला तेव्हा वेळ टळून गेली होती. २८ ऑक्टोबर रोजी तिचा अंत झाला.

ही कहाणी पुष्कळांना ठाऊक आहे, आणि बहुतेकांना ती कायद्याची कहाणी म्हणून ठाऊक आहे. कायद्याचा दोष होताच, आणि तो गंभीर होता. वेळीच गर्भपात केला असता तर बहुधा ती जगली असती, अशी साक्ष न्यायिक चौकशीत तज्ज्ञाने दिली. परंतु चौकशांतून आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि ती आपल्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. दाखल झाली त्या दिवशी तिचे रक्त तपासायला घेतले होते. त्यात पांढऱ्या पेशी वाढल्याचे दिसत होते. त्या अहवालाकडे वेळेवर कोणी पाहिलेच नाही. पाणमोट फुटल्यावर ठराविक तासांनी नाडी, ताप, रक्तदाब पाहायचा, हा त्या रुग्णालयाचा स्वतःचाच नियम. तो पाळला गेला नाही. आरोग्यसेवेच्या दर्जावर देखरेख करणाऱ्या तेथील स्वतंत्र प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१३ च्या अहवालात तिला वाचवण्याच्या हुकलेल्या संधी मोजल्या. त्या तेरा भरल्या. सुसज्ज रुग्णालय, शिकलेली रुग्ण, सोबत जागरूक पती, आणि तरीही तेरा वेळा हात पुढे व्हायचा राहिला.

आमच्या मते ध्यानात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. एका परदेशी तरुणीच्या मृत्यूची तेथे तीन वेगवेगळ्या मार्गांनी चौकशी झाली. एप्रिल २०१३ मध्ये ज्यूरीसमोर, वार्ताहरांच्या उपस्थितीत, साक्षीपुरावे झाले. उपचारातील चुकीमुळे मृत्यू, असा निर्णय ज्यूरीने एकमताने दिला. जून २०१३ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मग प्राधिकरणाचा अहवाल आला. सारे छापले गेले. कोणालाही वाचता आले. त्याच वर्षी तेथील प्रसूतिगृहांत धोक्याची सूचना देणारा एकसारखा निरीक्षण-तक्ता लागू झाला, आणि सेप्सिसच्या उपचारांसाठी राष्ट्रीय सूचना पुढील वर्षी निघाल्या. कायदा बदलायला अधिक काळ लागला; २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी घटनेतील ती तरतूद काढून टाकली. हे सर्व सरकारने आपखुशीने केले असे नव्हे. पतीने गप्प बसण्याचे नाकारले, वृत्तपत्रांनी पाठ सोडली नाही, लोक रस्त्यावर आले, तेव्हा ते झाले. पण झाले, आणि लेखी झाले.

आपल्याकडे कायद्याची ती अडचण नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करण्याची मुभा दिलेली आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा आणखी रुंदावली. तेव्हा सविता आपल्या गावी असती तर कायद्यापायी मेली नसती, असे आपण अभिमानाने म्हणू शकतो. परंतु न पाहिलेला रक्ततपासणीचा कागद, न मोजलेला ताप, न बोलावलेला वरिष्ठ डॉक्टर, या गोष्टींबद्दल तितक्याच अभिमानाने बोलता येईल काय? आणि तसे काही घडलेच, तर तेरा हुकलेल्या संधी मोजून छापणारा कोणी आपल्याकडे आहे काय?

उत्तरासाठी लांब जायला नको. बेळगाव ज्या राज्यात आहे त्याच कर्नाटकात, बळ्ळारीच्या जिल्हा रुग्णालयात, नोव्हेंबर २०२४ मध्ये सिझेरियन झालेल्या काही बाळंतिणी एकाएकी अत्यवस्थ झाल्या. कोणाची मूत्रपिंडे निकामी झाली, कोणाचे एकेक इंद्रिय बंद पडत गेले. एकामागून एक अशा पाच जणी दगावल्या. शिरेतून देण्यात आलेल्या रिंगर लॅक्टेट या सलाईनवर संशय गेला. पश्चिम बंगालमधील एका कंपनीच्या या सलाईनच्या काही बॅचेसबद्दल राज्याच्या तपासणीत आधीच आक्षेप निघाले होते. केंद्रीय प्रयोगशाळेने त्या योग्य ठरवल्या आणि म्हणून त्या वापरात आल्या, असे खुद्द राज्य सरकारनेच सांगितले. मग पुढचे सारे ओळीने झाले: सलाईनचा वापर थांबला, राज्याच्या औषध नियंत्रकाला निलंबित करण्यात आले, नुकसानभरपाई जाहीर झाली, राज्यभरातल्या मातामृत्यूंची तपासणी करण्याचे आदेश निघाले, आणि विरोधी पक्षाने राजीनामे मागितले.

दोन महिने उलटले नाहीत तोच, जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या मेदिनीपूर वैद्यकीय महाविद्यालयात सिझेरियननंतर पाच बाळंतिणी अत्यवस्थ झाल्या आणि त्यांतली एक दगावली. तेथेही त्याच कंपनीच्या सलाईनवर बोट ठेवले गेले. तेथील सरकारने बारा डॉक्टरांना निलंबित केले. एका राज्यात औषधाचा दोष म्हणून अधिकारी गेला, दुसऱ्या राज्यात निष्काळजीपणाचा दोष म्हणून डॉक्टर गेले. निलंबन हे शोधाचे फळ असावे लागते. आपल्याकडे ते शोधाच्या जागी येऊन बसते. सलाईनच दूषित होते, तर पाच जणींवर थांबले की आणखीही कोठे गेले? शस्त्रक्रियागृहात काही चुकले, तर ते नेमके काय? पहिली बाई अत्यवस्थ झाल्यापासून तेच सलाईन दुसरीच्या शिरेत जाईपर्यंत किती तास गेले, आणि त्या तासांत हाक देण्याचा अधिकार कोणाला होता? बळ्ळारीच्या बातमीने मेदिनीपूरचे कोठार बंद का झाले नाही? या प्रश्नांची उत्तरे गावोगावच्या प्रसूतिगृहांत पोहोचली असती, तर त्या मृत्यूंतून निदान पुढच्या बाळंतिणींचा बचाव झाला असता.

येथे डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. ती न ऐकता लिहिणे अन्यायाचे होईल. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कधी कधी सारे योग्य केले तरी आटोक्यात येत नाही. राजस्थानात दौसा जिल्ह्यातील लालसोट येथे मार्च २०२२ मध्ये अशाच रक्तस्रावाने एक बाळंतीण दगावली. जमाव रुग्णालयावर चालून आला, पोलिसांनी डॉक्टरबाईंवर चक्क खुनाचा गुन्हा नोंदवला, आणि त्या डॉक्टरबाईंनी स्वतःचे जीवन संपवले. तज्ज्ञाचे मत घेतल्याखेरीज डॉक्टरवर फौजदारी खटला चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्येच बजावले होते. त्याची पर्वा कोणी केली नाही. जेथे खरे लिहिले तर जमाव आणि पोलीस दारात येतील अशी भीती आहे, तेथे केसपेपर खरा लिहिला जाणार कसा? मग नोंदी मागाहून भरल्या जातात आणि मृत्यूचे कारण म्हणून हृदय बंद पडले असे मोघम लिहून कागद मिटला जातो. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. ते का बंद पडले, हे सांगायचे असते.

म्हणूनच शासन करणारी चौकशी आणि शिकवणारी चौकशी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. निष्काळजीपणा, भेसळ, लाचखोरी असेल तेथे कायद्याने आपले काम जरूर करावे. परंतु त्याच्या जोडीला प्रत्येक मातामृत्यूचा असा अभ्यास हवा, की ज्यात बाईचे नाव नाही, डॉक्टरचे नाव नाही, रुग्णालयाचे नाव नाही. फक्त काय घडले, केव्हा घडले आणि कोठे थांबवता आले असते, एवढेच आहे. ब्रिटनने ही प्रथा १९५२ पासून राष्ट्रीय पातळीवर चालवली. आपल्या केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सरकारच्या साहाय्याने २००४ पासून हेच काम हाती घेतले; माता का दगावतात याचे अहवाल छापले, आणि त्यांतून निघालेले धडे प्रसूतिगृहांपर्यंत नेले. केरळचा आकडा देशात सर्वांत खाली आहे, तो केवळ साक्षरतेमुळे नव्हे.

नियम आपल्याकडेही आहेत. मातामृत्यूंच्या परीक्षणाच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१० मध्ये काढल्या आणि २०१७ मध्ये त्या सुधारल्या. जिल्हाधिकाऱ्याने मृत्यूंचा आढावा घ्यावा आणि त्या बैठकीला मृत बाईच्या नातेवाइकांनाही बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, अशी त्यांत तरतूद आहे. मरणाच्या दारातून परत आलेल्या बाळंतिणींच्या परीक्षणाची सूचना तर २०१४ मध्येच निघाली आहे. ही सूचना आम्हांला फार शहाणपणाची वाटते. मेलेली बाई बोलत नाही. वाचलेली सांगू शकते की आपल्याला किती वेळ कोणी पाहिले नाही आणि शेवटी कोणी पाहिले. तिला वाचवणाऱ्या डॉक्टरलाही त्यात लपवण्यासारखे काही नसते. कागदावर एवढे सारे असताना उणीव राहते ती उजेडाची. बैठक होते, तक्ते भरले जातात, फाईल वर जाते. ज्या गावची बाई गेली त्या गावाला, आणि शेजारच्या ज्या दवाखान्यात उद्या तशीच बाई येणार आहे त्या दवाखान्याला, त्यातून काय निघाले हे कळते काय? आमच्या वाचकांपैकी कितीजणांनी असा एखादा अहवाल डोळ्यांनी पाहिला आहे?

मोजमाप आणि लक्ष यांनी काय साधते, याचा दाखला पुन्हा बेळगावनेच दिला आहे. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १,६२० बाळंतिणींवर एक अभ्यास केला. शीतपेटीची गरज नसलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या प्रसूतीनंतर लगेच परिचारिकांनी दिल्या, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण शंभरी १२ वरून ६.४ वर आले. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्याच अभ्यासासाठी एक साधी वस्तू तयार झाली: बाळंतिणीखाली पसरायची, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने रक्त सुमारे एक तृतीयांशाने कमी धरले जाते, हे त्या पिशवीने दाखवले. अशाच मापाच्या पिशव्या आणि ठरलेले उपचार एकत्र वापरून आफ्रिकेतल्या चार देशांतील ८० रुग्णालयांत मोठा प्रयोग झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार जीवघेणा रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम ६० टक्क्यांनी घटले. म्हणजे सीमाभागातल्या खेड्यांतून निघालेली युक्ती केनिया-नायजेरियात उपयोगी पडली. ती आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहात पोहोचली आहे काय, हे आपण विचारले पाहिजे.

आता आमच्या गोमंतकाकडे वळू. येथे जवळपास सर्वच प्रसूती रुग्णालयात होतात. रस्ते आहेत, अंतरे लहान आहेत, आणि १८४२ पासूनची वैद्यकीय शिक्षणाची परंपरा आहे. तरीही गोव्यात लाखामागे किती माता दगावतात हे नमुना नोंदणीत वेगळे सांगितले जात नाही, कारण राज्य लहान आहे. एखाद्या वर्षी दोन-चार मृत्यू अधिक झाले की प्रमाण उडी मारते आणि खाली येते. या लहानपणाचा आम्ही उलटा अर्थ लावतो. मोठ्या राज्याला शेकडो मृत्यूंची सरासरी काढावी लागते. आपल्याला प्रत्येक मृत्यूपाशी थांबणे शक्य आहे. जे छोट्या राज्याला करता येत नाही असे यात काय आहे?

शिवाय बांबोळीचे गोमेकॉ केवळ गोव्याचे राहिलेले नाही. सिंधुदुर्गातून आणि कारवारकडून अत्यवस्थ रुग्ण तेथेच येतात. सावंतवाडीची किंवा सदाशिवगडची एखादी बाळंतीण रक्तबंबाळ होऊन बांबोळीला पोहोचेपर्यंत तिच्या हातून जे तास निसटतात, त्यांचा जाब कोणत्या राज्याने द्यायचा? तिचा मृत्यू नोंदला जातो एकीकडे, कारणे घडतात दुसरीकडे. राज्यांच्या सीमांवर भांडायला आपल्याकडे पुष्कळ लोक आहेत. पण सीमेपलीकडून रुग्णवाहिका निघताना बांबोळीत फोन गेला काय, रक्तगट कळवला काय, सोबत परिचारिका आहे काय, या साध्या गोष्टींसाठी तिन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एका टेबलाशी बसण्याची नितांत गरज आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे कटू असले तरी आवश्यक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार गोव्यात दर पाच प्रसूतींपैकी जवळजवळ दोन सिझेरियनने झाल्या. देशात हे प्रमाण पाचांत एकाच्या आसपास होते. सिझेरियन ही जीव वाचवणारी शस्त्रक्रिया आहे, आणि गरज असताना ती टाळणे हा अपराधच. परंतु गरज नसताना ती केली की पुढच्या गरोदरपणाचे संकट आपण आज पेरून ठेवतो. जुन्या व्रणावर वार रुतून बसते, ती सुटता सुटत नाही, आणि रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या चढवाव्या लागतात. मुहूर्तासाठी, सोयीसाठी किंवा बिलासाठी पोट फाडण्याची ही सवय सरकारने, डॉक्टरांनी आणि कुटुंबांनी, तिघांनीही सोडली पाहिजे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. राज्यातील सरकारी आणि खाजगी अशा सर्व रुग्णालयांत घडलेल्या प्रत्येक मातामृत्यूचे आणि मरणाच्या दारातून परत आलेल्या प्रत्येक बाळंतिणीचे परीक्षण व्हावे. परीक्षण करणाऱ्या समितीत त्या रुग्णालयाबाहेरचा, शक्य तर राज्याबाहेरचा तज्ज्ञ असावा, आणि घरच्यांना बोलावून त्यांचे म्हणणे नोंदवून घेतले जावे. नावे गाळून त्याचा वार्षिक अहवाल मराठीत आणि कोकणीत छापला जावा आणि विधानसभेच्या पटलावर ठेवला जावा. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांपासून तालुक्याच्या आरोग्य केंद्रांपर्यंत प्रत्येक प्रसूतिगृहात मापाची पिशवी, निरीक्षणाचा तक्ता आणि मॅग्नेशियम सल्फेट असावे. आणि तो तक्ता रात्री दोन वाजताही भरला जाईल इतक्या परिचारिका असाव्यात. औषधाची एखादी बॅच एका राज्यात संशयास्पद ठरली, तर त्याच दिवशी शेजारच्या राज्याच्या कोठारात ती बाजूला काढली जावी. या मागण्यांना कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागते ती आपले अपयश लोकांपुढे वाचून दाखवण्याची हिंमत.

ही हिंमत कोणा एका पक्षाच्या सरकारकडून आम्ही अपेक्षितो असे नाही. विरोधकांनीही एक पथ्य पाळावे. मातामृत्यूची बातमी आली की राजीनामा मागायचा आणि राजीनामा मिळाला किंवा विषय शिळा झाला की गप्प बसायचे, या रिवाजाने मंत्री बदलतात, प्रसूतिगृह बदलत नाही. मागायचाच असेल तर अहवाल मागावा, आणि मिळाल्यावर तो वाचावा. आमच्यासारख्या वृत्तपत्रांनाही हे लागू आहे. रुग्णालयावर जमाव चालून गेल्याची बातमी पहिल्या पानावर येते. परीक्षणातून काय निघाले याची बातमी कोणी देत नाही, कारण ती कोणी विचारत नाही. ती आम्ही विचारू.

शासनाने पुढच्या अधिवेशनाची वाट न पाहता एवढे जाहीर करावे: गेल्या पाच वर्षांत या राज्याच्या रुग्णालयांत किती माता दगावल्या, त्यांतल्या किती जणींचे परीक्षण पूर्ण झाले, आणि त्या परीक्षणानंतर कोणत्या रुग्णालयात कोणती एक गोष्ट बदलली. तीन ओळींचे उत्तर पुरे आहे. पहिल्या दोन ओळी आकड्यांच्या असतील. तिसरी ओळ लिहिताना खात्याची लेखणी अडली, तर ती का अडली हे तेवढे लोकांना सांगावे.